पाणी ओसरल्यानंतरचे सहा आठवडे

बडोद्याला पूर नवा नाही. १९२७ च्या जुलै महिन्यात गुजरातवर जे महासंकट कोसळले, त्याच्या हकिगती आपण आजी-आजोबांच्या तोंडून ऐकल्या. २००५, २०१४, २०१९ आणि २०२४ चे पूर तर आपण स्वतःच पाहिले आहेत. पावागडच्या परिसरात उगम पावणारी विश्वामित्री वर्षातील बराच काळ एखाद्या ओढ्यासारखी संथ वाहते. परंतु वर आजवा सरोवर तुडुंब भरावे आणि त्याच वेळी शहरावरही पाऊस कोसळावा, असा योग आला की दोन दिवसांत तीच नदी घराच्या पायरीशी येऊन उभी राहते. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला. २०२४ मध्ये ऐन गोकुळाष्टमीच्या सुमारास काळा घोडा पुलाजवळचे पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. तेथील धोक्याची पातळी २६ फूट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो. समा, कारेलीबाग, अकोटा, वडसर या भागांत तळमजले बुडाले, सैन्याला पाचारण करावे लागले आणि नदीतील मगरी वस्तीत शिरल्या.

प्रत्येक पुराच्या वेळी घटनांचा क्रम मात्र ठरलेला असतो. आधी नावा, मग अन्नाची पाकिटे, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोफत वैद्यकीय शिबिर, मग वर्तमानपत्रात छायाचित्र. २०२४ मध्ये पाणी ओसरले तेव्हा गणेश चतुर्थी जेमतेम आठ-दहा दिवसांवर आली होती. मंडप उभे राहिले, आरत्या सुरू झाल्या आणि पुराचा विषय संपला, असे शहराने मनोमन ठरवून टाकले. आम्हा डॉक्टरांच्या दवाखान्यांतील खरी गर्दी मात्र त्याच दिवसांत सुरू झाली.

या स्मरणिकेच्या निमित्ताने मला जे मांडावयाचे आहे ते थोडक्यात असे. पुरात बुडून जाणारे जीव वाचविणे हे नाव आणि दोर हाती असलेल्यांचे काम आहे, आणि ते ती मंडळी शर्थीने करतात. पाणी ओसरल्यानंतरच्या सहा आठवड्यांत जे जीव जातात, ते वाचविणे हे आपले काम आहे. त्या कामाची तयारी मात्र पूर येण्यापूर्वी, मे महिन्यात व्हावयास हवी. शिबिरांचा उत्साह स्तुत्य आहे. परंतु तेवढ्यावर आपण समाधान मानू लागलो आहोत, हे मला खटकते.

आजारांचे पंचांग

पुरानंतरचे आजार अवचित येत नाहीत. त्यांच्या येण्याला एक पंचांग असते, आणि ते आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेले आहे. फक्त ते पुराच्या तारखेशी जुळवून पाहण्याची सवय आपल्याला नाही.

पहिले तीन दिवस जखमा, विजेचा धक्का, सर्पदंश आणि बुडणे यांचे. ओल्या मीटरपेटीला हात लावणारा, पाणी उपसण्यासाठी पंपाची तार जोडणारा, बंदिस्त पार्किंगमध्ये जनरेटर लावून त्याच्या धुराने गुदमरणारा, ही सारी माणसे धडधाकट असतात. पहिल्या आठवड्यात जुलाब-उलट्या येतात. पटकीचे जंतू पोटात गेल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत आपले रूप दाखवितात. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास लेप्टोस्पायरोसिस डोके वर काढतो. त्याचा अधिशयनकाळ बहुधा पाच ते चौदा दिवसांचा असतो. विषमज्वराला एक ते तीन आठवडे लागतात. डेंग्यूच्या डासाची पैदास प्रथम पुराच्या लोंढ्यात वाहून जाते, आणि मग गच्चीवरचे टायर, फुटके माठ, अंगणात टाकलेले भिजके सामान यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात ती नव्याने सुरू होते. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस, डासाच्या अंगात विषाणू पिकण्यास आणखी तितकेच, आणि रुग्णाच्या शरीरात आठवडाभर. म्हणजे डेंग्यूची लाट तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येणार, हे गणित बोटांवर करता येते. हेपेटायटिस ई तर याहून सावकाश येतो. दूषित पाणी प्याल्यापासून कावीळ दिसेपर्यंत पाच-सहा आठवडे सहज जातात. तोवर पुराची आठवणही कोणाला राहिलेली नसते. शेवटच्या तिमाहीतील गर्भवतीला हीच कावीळ झाली, तर चार-पाचांतून एक दगावू शकते, हे मी आपणास नव्याने सांगावयास नको.

हे पंचांग समोर ठेवले म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या शिबिराची मर्यादा कळते. त्या दिवशी जी माणसे रांगेत उभी असतात, त्यांना पायाच्या चिखल्या, सर्दी आणि अंगदुखी झालेली असते. ज्यांना पुढे लेप्टो होणार असतो, ती त्याच रांगेत हसतमुखाने जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन परत जातात. दहाव्या दिवशी त्यांना ताप भरतो तेव्हा शिबिराचा तंबू उतरलेला असतो.

एक प्रश्न आणि एक इंजेक्शन

लेप्टोस्पायरोसिस हा आम्हा गुजरातच्या डॉक्टरांना परका नाही. सुरत, नवसारी, वलसाड या पट्ट्यांत भात आणि उसाच्या शेतांत राबणारे मजूर १९९० च्या दशकापासून दर पावसाळ्यात त्याला बळी पडत आले आहेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत तेथे या रोगाची साथ आली, तेव्हा हा केवळ शेतातला रोग नाही, हे शहरी डॉक्टरांना कळून चुकले. २०१८ च्या महापुरानंतर केरळनेही तेच अनुभवले.

या रोगाचे निदान बहुतेक वेळा एका प्रश्नावर अवलंबून असते: ‘गेल्या दोन-तीन आठवड्यांत पुराच्या पाण्यातून चालला होतात का? घरातला चिखल कोणी काढला?’ तापाच्या रुग्णाला हा प्रश्न विचारण्यास दहा सेकंद लागतात. पिंढऱ्या दाबून पाहण्यास आणखी दहा. डोळे लाल आहेत पण चिपडे नाहीत, लघवी कमी झाली आहे, पिंढऱ्यांना हात लावू देत नाही, असा रुग्ण समोर आला तर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू करणे आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवणे हेच शहाणपण.

प्रत्यक्षात काय घडते? ताप आला की रुग्णाला ‘सुई’ हवी असते आणि आपल्यापैकी अनेक जण ती देतातही. डायक्लोफेनॅकच्या त्या इंजेक्शनने दोन तासांत घाम येऊन ताप उतरतो, रुग्ण खूश होतो. परंतु रुग्णाला लेप्टो असेल तर आधीच अडचणीत आलेल्या मूत्रपिंडावर आपण ओझे टाकतो, आणि डेंग्यू असेल तर रक्तस्रावाला निमंत्रण देतो. आपल्याच व्यवसायबंधूंविरुद्ध बोलणे सुखाचे नसते. तरीही पुरानंतरच्या सहा आठवड्यांत तापाला पॅरासिटेमॉलखेरीज दुसरे वेदनाशामक देऊ नये, एवढा निर्धार आपल्या मंडळाने केला, तर शंभर शिबिरांहून त्याचा उपयोग अधिक होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

डॉक्सिसायक्लिनबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. कारण अलीकडे पूर आला की या गोळ्या खिरापतीसारख्या वाटल्या जातात. पनामातील जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकन सैनिकांवरील प्रयोग १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम मात्रेने ९५ टक्के संरक्षण मिळाले होते. पुढे आपल्याच अंदमानातील अभ्यासात असे दिसले की, या मात्रेने जंतूंचा संसर्ग टळत नाही, मात्र आजाराची तीव्रता आणि मृत्यू कमी होतात. याचा अर्थ ही गोळी उपयोगी आहे, पण सर्वांसाठी नाही. सफाई कामगार, बचावकार्यातील स्वयंसेवक, गुडघाभर चिखलात घर उपसणारे, पायाला जखम असलेले यांना ती जरूर द्यावी. गर्भवती आणि लहान मुले यांना सरसकट देऊ नये. भरल्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, हे सांगितल्याखेरीज तर कोणालाच देऊ नये. आणि गोळी घेतली म्हणून गमबूट न घालता चिखलात उतरावे, असाही तिचा अर्थ नाही.

मोजले न जाणारे मृत्यू

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळतो.

२० सप्टेंबर २०१७ रोजी कॅरिबियन समुद्रातील प्युर्टो रिको या बेटावर मारिया नावाचे चक्रीवादळ आदळले. कित्येक महिने सरकारी नोंदीत मृतांचा आकडा ६४ होता. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने त्यानंतरच्या सुमारे सहा महिन्यांतील सर्व मृत्यूंचा हिशेब मांडला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने आकडा २,९७५ असा सुधारला. ६४ कुठे आणि २,९७५ कुठे! मधली माणसे वाऱ्याने उडाली नव्हती की पाण्यात बुडाली नव्हती. वीज नव्हती, रस्ते बंद होते, दवाखाने बंद होते. हार्वर्डच्या संशोधकांनी घरोघर जाऊन केलेल्या पाहणीतही असे आढळले की, वादळानंतरच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यू उपचार खंडित झाल्याने वा उशिरा मिळाल्याने झाले होते.

म्हणजे मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, दमा यांनीच ती माणसे नेली. पुराने फक्त औषधाची वाट अडविली. आपल्याकडे असा हिशेब कोणी मांडत नाही. अकोट्यातील एखाद्या फ्लॅटमध्ये पुरानंतर बाराव्या दिवशी पक्षाघाताने गेलेले आजोबा कोणत्याच सरकारी तक्त्यात ‘पूरबळी’ म्हणून नोंदले जात नाहीत. दाखल्यावर पक्षाघात लिहिला जातो, आणि ते खरेही असते. चार दिवस रक्तदाबाची गोळी मिळाली नव्हती, हे दाखल्यावर लिहिण्यास रकानाच नसतो.

माझ्याकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या एका आजींची गोष्ट सांगतो. २०२४ च्या पुरात त्यांच्या इमारतीची वीज तीन दिवस नव्हती. फ्रिज बंद पडला म्हणून त्यांनी इन्सुलिनच्या कुपी ‘खराब झाल्या’ असे समजून केराच्या टोपलीत टाकल्या. रक्तदाबाच्या गोळ्या थोड्याच उरल्या होत्या, म्हणून काटकसरीने दिवसाआड घेतल्या. दार बंद करून बसलेल्या घरात खाण्यास होते ते मदतीच्या पाकिटातले: फरसाण, गाठिया, बिस्किटे आणि केळी. सहाव्या दिवशी त्यांना श्वास घेता येईना, म्हणून मुलाने उचलून आणले. त्या वाचल्या. वापरात असलेली इन्सुलिनची कुपी ऊन टाळून साध्या तापमानालाही सुमारे चार आठवडे चालते. फार उकाडा असेल तर ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात कोरडी ठेवावी, एवढे त्यांना कोणी आधी सांगितले असते तर ती वेळच आली नसती.

अन्नाच्या पाकिटांबद्दल मी मुद्दाम लिहितो आहे. देणाऱ्यांची भावना निर्मळ असते, त्याबद्दल शंका नाही. परंतु हृदयाचे स्नायू दुबळे झालेल्या माणसाला चार दिवस खारे फरसाण खाऊ घालणे, मधुमेह्याला बिस्किटांवर ठेवणे, आणि डायलिसिस चुकलेल्या रुग्णाच्या हातात केळी देणे यांत जिवाला धोका आहे. डायलिसिसच्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम साठते आणि केळ्यात ते भरपूर असते. पाकिटे भरणाऱ्या मंडळांना आपण एवढे सांगू शकतो: दर दहा पाकिटांमागे दोन पाकिटे बिनमिठाच्या लाह्या, फुटाणे आणि कोरड्या पोळ्यांची असू द्या आणि त्यांवर ‘मधुमेह-रक्तदाब’ अशी चिठ्ठी लावा. फुटाण्यांतही पोटॅशियम असते, म्हणून डायलिसिसच्या रुग्णाने त्यातील लाह्या-पोळ्याच खाव्यात आणि पाणीही बेताने प्यावे. या व्यवस्थेला पैसा लागत नाही.

पूरवही

यावर माझी सूचना साधी आहे. आपल्यापैकी प्रत्येक डॉक्टरने दर वर्षी मे महिन्यात एक वही तयार करावी. तिला आपण ‘पूरवही’ म्हणू. आपल्या रुग्णांकडे पाहून एकच प्रश्न स्वतःला विचारावयाचा: ‘हा माणूस चार दिवस घरात अडकून पडला, तर त्याच्या जिवाला धोका आहे का?’ उत्तर ‘होय’ असेल त्याचे नाव वहीत. डायलिसिसवर असलेले, इन्सुलिन घेणारे, घरी ऑक्सिजनचे यंत्र असलेले, जुलै ते सप्टेंबर या काळात प्रसूतीची तारीख असलेल्या, अपस्मार, क्षयरोग, मनोविकार यांची औषधे आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणारे, आणि अंथरुणाला खिळलेले. प्रत्येक नावापुढे पत्ता, मजला, दोन दूरध्वनी क्रमांक आणि एकही दिवस न चुकविता येणारे औषध. एका डॉक्टरकडे अशी नावे फार तर तीस-चाळीस निघतील.

वही भरताना त्या रुग्णाला एवढेच सांगावयाचे की, पावसाळ्याचे चार महिने पंधरा दिवसांची औषधे घरात जास्तीची ठेवा, प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, वरच्या फळीवर, आणि सोबत चिठ्ठीची एक प्रत. पुराच्या पाण्यात भिजलेली पाकिटे पुसून वापरू नका. डायलिसिसच्या रुग्णाने मुसळधार पावसाचा इशारा मिळताच आपली पाळी एक दिवस आधी घेता येईल का, हे केंद्राला विचारावे. दिवस भरत आलेल्या गर्भवतीने पाणी चढण्यापूर्वीच नदीपासून दूर असलेल्या नातेवाइकांकडे जावे.

पाणी ओसरले की वहीतील नावांना दूरध्वनी करावयाचे. आधी डायलिसिस, मग इन्सुलिन, मग बाकीचे. एका दिवसात हे काम आटोपते. जे दूरध्वनी उचलणार नाहीत, त्यांच्याकडे माणूस पाठवावयाचा. येथे गणेशोत्सव मंडळांच्या तरुणांचा मला भरवसा वाटतो. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतील मंडळांना प्रत्येक गल्लीतील प्रत्येक घर माहीत असते. वर्गणीच्या निमित्ताने ती पायाखालची वाट झालेली असते. त्याच पायांनी त्यांनी औषधे पोहोचवावीत.

या सूचनेवर घेतले जाणारे आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला असा की, हे सरकारचे काम आहे. सरकारने आपले काम करावेच. परंतु कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर कोण इन्सुलिन घेते, हे सरकारला ठाऊक नसते. ते कुटुंबाच्या डॉक्टरला ठाऊक असते. दुसरा आक्षेप रुग्णाच्या गुप्ततेचा. तो रास्त आहे, आणि म्हणूनच वही ज्याची त्याने स्वतःजवळ ठेवावी, रुग्णाची लेखी संमती घ्यावी, आणि स्वयंसेवकाला आजाराचे नाव न सांगता केवळ पत्ता व औषधाचे बंद पाकीट द्यावे. तिसरा आक्षेप तरुण सहकाऱ्यांचा: कागदाची वही कशाला, सारे मोबाईलवर आहे. मोबाईलवर जरूर ठेवावे; पण वीज गेली, मनोरा बंद पडला, बॅटरी संपली, म्हणजे शेवटी कागदच हाती राहतो.

आणखी एक गोष्ट निःसंदिग्धपणे लिहितो. आपले मंडळ मराठी डॉक्टरांचे आहे, परंतु वही मराठी रुग्णांची नव्हे. आपल्या दवाखान्याच्या बाकावर गुजराती, सिंधी, मुसलमान, राजस्थानी, उत्तर भारतीय सारे शेजारी शेजारी बसतात. या शहराने पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला आपले मानले, त्याची जाणीव अशाच कामातून व्यक्त व्हावी.

पाणी, भीती आणि मन

पाण्याविषयी फार लिहीत नाही. वाचकांना ते माहीत आहे. फक्त सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्यांकडे लक्ष वेधतो. पुराचे पाणी टाकीत शिरल्यावर वरवर ब्लीचिंग पावडर टाकून भागत नाही. टाकी रिकामी करून, घासून, क्लोरिनच्या तीव्र पाण्याने धुऊन मग भरावी. पुढेही लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन तासाभराने उरतो की नाही, हे तपासावे. ब्लीचिंग पावडर दमट हवेत आपली शक्ती गमावते, त्यामुळे गेल्या पावसाळ्यातील उघडे पोते हे केवळ चुन्याचे पोते असते. क्लोरिन तपासण्याची साधी पेटी प्रत्येक सोसायटीने विकत घ्यावी. तिची किंमत एका पार्टीच्या खर्चाहून कमी असते.

दुसरी गोष्ट भीतीची. पुरानंतर ‘प्रेतांमुळे रोगराई पसरेल’ अशी हूल दर वेळी उठते. पुरात बुडून वा अपघाताने मृत्यू पावलेल्या माणसाच्या देहामुळे साथ येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने पुनःपुन्हा सांगितले आहे. म्हणून घाईघाईने, ओळख न पटविता अंत्यसंस्कार उरकणे हा त्या कुटुंबावर अन्याय आहे. आपण डॉक्टरांनी हे ठामपणे सांगितले नाही, तर दुसरे कोण सांगणार? सुरतेचे उदाहरण आठवावे. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये, पुरापाठोपाठ, तेथे प्लेगच्या बातमीने लाखो माणसांनी शहर सोडले, आणि त्यांत खासगी डॉक्टरही होते. रोगाहून भीतीचा वेग अधिक असतो, आणि डॉक्टरने दवाखाना बंद केला की तो दुप्पट होतो.

मनाच्या आजाराला आपल्या समाजात अजूनही दबक्या आवाजाची सवय आहे. २०१९ मध्ये बडोद्यानंतर आठवडाभरातच सांगली-कोल्हापुरात महापूर आला. आपल्यापैकी अनेकांची मूळ घरे, बहिणी, मामा-मावश्या तिकडे आहेत. इकडचा चिखल काढता काढता तिकडच्या बातम्यांनी झोप उडालेली माणसे त्या महिन्यात माझ्याकडे येत होती. तक्रार डोकेदुखीची, आम्लपित्ताची, छातीत धडधडण्याची. कारण वेगळेच. ढग दाटून आले की काहींचे हात अजून कापतात. बहुतेकांना औषध लागत नाही. कोणी घाईने उपदेश न करता ऐकून घेतले, झोप आणि रोजचा दिनक्रम पुन्हा लागला की ती सावरतात. महिनाभरानंतरही जो सावरत नाही, त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविण्यात संकोच करू नये. घरातील बायकांकडे विशेष लक्ष द्यावे. चिखल त्या उपसतात, भिजलेल्या पेट्या, पाठ्यपुस्तके, लग्नातले फोटो त्या वाळत घालतात, आणि ‘तुम्ही कशा आहात?’ असे त्यांना शेवटी विचारले जाते.

शेवटची विनंती

नदी का चढते, हा प्रश्नही आपल्या विषयाबाहेरचा नाही. विश्वामित्रीच्या काठची कोतरे पूर्वी पुराचे पाणी पोटात घेत. ती बुजवून तेथे इमारती उभ्या राहिल्या. २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी पात्र खोल आणि रुंद करण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्या भरवशावर आपण निर्धास्त राहणे योग्य नव्हे. पाऊस कोणाच्या आराखड्याप्रमाणे पडत नाही.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीस माझी विनंती आहे की, येत्या मे महिन्यातील सभेत तीन गोष्टी ठरवाव्यात. प्रत्येक सभासदाने पूरवही तयार करावी. पुरानंतर सहा आठवडे तापाच्या प्रत्येक रुग्णाला पुराच्या पाण्याविषयी विचारावे आणि वेदनाशामक इंजेक्शने टाळावीत. आणि लेप्टो, डेंग्यू, कावीळ यांचा प्रत्येक संशयित रुग्ण त्याच आठवड्यात महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावा; कारण बहुसंख्य रुग्ण प्रथम आपल्याकडे येतात, आणि आपण कळविले नाही तर साथ कागदावर अवतरण्यापूर्वीच माणसे दगावलेली असतात.

शिबिरे भरवावीत, छायाचित्रेही यावीत. त्यातून तरुणांना उत्साह मिळतो. मात्र शिबिराचा तंबू उतरविताना त्या वस्तीतील एका डॉक्टरचे नाव आणि दवाखान्याची वेळ मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावी, आणि त्याखाली एवढे वाक्य असावे: ‘येत्या सहा आठवड्यांत ताप आल्यास, लघवी कमी झाल्यास किंवा डोळे पिवळे दिसल्यास त्याच दिवशी येथे यावे.’